मास्लो यांनी पिरॅमिड काढलाच नव्हता
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो म्हटलं की गरजांचा पाच थरांचा पिरॅमिड आठवतो: खालचा थर पूर्ण भरल्याशिवाय वरचा नाही. त्यांच्या १९४३च्या मूळ लेखात असं चित्रच नाही. ते पुढे व्यवस्थापनावरच्या लेखनातून रूढ झालं.

एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी जागी होते हा समज खोटा आहे, असं त्याच लेखात मास्लो बजावतात. उदाहरणादाखल त्यांनी मनानेच आकडे घेतले: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, स्वाभिमानाची ४० आणि स्वतःच्या क्षमता फुलवण्याची १०. म्हणजे सगळ्याच एकाच वेळी अर्धवट! क्रमही अटळ नाही. तत्त्वासाठी सर्वस्व सोडणारे हुतात्मे त्यांनीच नोंदवलेत. म्हणून ‘आधी पोट, मग सन्मान’ हे त्यांच्या नावावर खपवून गरिबांचा सन्मान लांबणीवर टाकणं मला फार खटकतं.