गाठीच्या सरीत सोडलेले मणी

अंबड तालुक्यातल्या आमच्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. महिन्यातून एकदा एसटीने छत्रपती संभाजीनगरला जायचं, सुई टोचून घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत घरी. "गोळ्या रोज तीनदा, अन् ही सुई महिनाभर कशी पुरते रे?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मागच्या खेपेला मी सोबत होतो. सिस्टरनी पांढऱ्या पावडरीत द्रव मिसळून हलवलं, तर पातळ ताकासारखं दिसायला लागलं. लगेच टोचलं, कारण थांबलं की पावडर तळाला बसते.

ती पावडर म्हणजे मायक्रोस्फिअर, अतिसूक्ष्म मण्यांची रास. अशा मण्यांचं माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. काकांचे मणी पीएलजीए नावाच्या पदार्थाचे आहेत, जखमेच्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातकुळीतले. आत ल्युप्रोलाइड कोंडलेलं. हे औषध पोटातून दिलं तर पचून जातं, नुसतं टोचलं तर काही तासांत रक्तातून नाहीसं होतं. मण्यात असलं की शरीरातलं पाणी मणी हळूहळू झिजवतं आणि औषध झिरपत राहतं. अमेरिकेत अशा मासिक सुईला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे काकांना नवलाची वाटणारी ही सुई तशी जुनीच.

मला जास्त भावते ती यकृताच्या कॅन्सरसाठी केलेली मण्यांची युक्ती. यकृताला दोन पाट आहेत. निरोगी यकृत सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून घेतं. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. मोसंबीला दारं धरणाऱ्याला पुढचं सांगावं लागणार नाही. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवत डॉक्टर त्या धमनीपर्यंत पोहोचतात आणि मणी सोडतात. रक्तासोबत वाहत जाऊन ते गाठीतल्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात.

या मण्यांत कधी डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध असतं, कधी किरणोत्सारी यट्रियम-९०. यट्रियमचे काचेचे मणी २० ते ३० मायक्रॉनचे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं ते देशातही बनवले आहेत. त्यांचे किरण पेशींच्या थरांतून सरासरी अडीच मिलिमीटर जातात, त्यामुळे शेजारचं निरोगी यकृत बरंचसं वाचतं. किरणोत्सार दर ६४ तासांनी निम्मा होतो, त्यामुळे मणी मागवून कपाटात ठेवता येत नाहीत. रुग्णाची तारीख धरूनच मात्रा येते. काच काही विरघळत नाही, किरण संपल्यावरही ती तिथेच पडून राहते.

पण खरे मणी सोडण्याआधी एक रंगीत तालीम होते. टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेले अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण त्याच नळीतून सोडतात आणि कॅमेऱ्याखाली पाहतात, कण गाठीतच थांबले की पुढे फुफ्फुसाकडे निसटले. थोडे निसटले तर मात्रा कमी करतात. पाट फारच फुटका निघाला, तर मणी सोडतच नाहीत.