कॅनडात मजुरीला गेलेल्यांची बायकामुले: नियम इथवर कसे आले

कॅनडातल्या एकाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात दोन परदेशी माणसे शेजारीशेजारी उभी असत, एक कुक आणि दुसरा हेल्पर. दोघांचेही वर्क परमिट एकाच मालकाला बांधलेले. कुकच्या बायकोला ओपन वर्क परमिट मिळू शकत होते, म्हणजे ती कोणाकडेही नोकरी करू शकत होती. हेल्परच्या बायकोला ते मिळत नव्हते. ती फार तर पाहुणी म्हणून यायची. १९९८ पासून दोन दशकांहून अधिक काळ हीच रीत होती.

हा फरक कामांच्या सरकारी वर्गवारीतून आला. व्यवस्थापक ०, पदवीधर अ, कारागीर ब आणि त्याखालची कामे क व ड. कुक ब वर्गात, हेल्पर ड वर्गात. वरच्या तीन वर्गांतल्या कामगाराच्या जोडीदाराला कामाचा हक्क मिळे, खालच्या दोन वर्गांना नाही. ‘कमी कौशल्य’ हा शिक्का शिक्षणाच्या वर्षांवरून बसतो, हातातल्या कसबावरून नाही, हे विसरू नये. कुटुंब आणायला कायद्याने थेट बंदी कधीच नव्हती. मात्र हेल्परच्या एका पगारात भाडे, किराणा आणि मुलांचा खर्च भागत नाही, त्यामुळे बायकोच्या कामाचा हक्क नाकारला की कुटुंब आपोआप गावी राहते.

यामागचा विचार फार जुना आहे. रेल्वेमार्ग बांधून संपत आला तसा १८८५ मध्ये चिनी कामगारांवर ५० डॉलरचा प्रवेशकर बसला आणि १९०३ पर्यंत तो ५०० डॉलर झाला. मजुराला बायको आणणे परवडेना. १९२३ ते १९४७ या काळात तर चिनी लोकांचा प्रवेश जवळजवळ बंदच होता. भारतीयांसाठी १९०८ मध्ये ‘अखंड प्रवासा’ची अट आली: मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश. भारतातून तसे थेट जहाजच नव्हते. ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूड गिरण्यांत राबणारे पंजाबी एकटेच राहिले. भाग सिंग आणि बलवंत सिंग यांनी १९१२ मध्ये बायकामुलांना व्हँकुव्हरला आणले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. बराच लढा दिल्यावर ‘खास मेहेरबानी’ म्हणून त्यांना राहू दिले. बायका आणि लहान मुलांना आणण्याची रीतसर परवानगी १९१९ मध्ये मिळाली.

घरकामगार बायकांची गोष्ट आजही उपयोगी पडते, म्हणून ती नीट सांगायला हवी. १९५५ मध्ये कॅरिबियन बेटांवरून मोलकरणी आणण्याची योजना सुरू झाली. अट अशी, की बाई १८ ते ३५ वयाची, अविवाहित आणि मूल नसलेली हवी. त्यामुळे अनेकींनी मुलांचा उल्लेखच केला नाही. पुढे १९७० च्या दशकात जमैकाच्या सात आयांनी मुलांना बोलावण्यासाठी अर्ज केले, तेव्हा आधी माहिती लपवली म्हणून त्यांच्यावरच देश सोडण्याचे हुकूम बजावले गेले. ‘काम करायला चालतो, तर राहायलाही चाललो पाहिजे’ या मागणीवर मोठी चळवळ झाली आणि १९७९ मध्ये त्यांना राहता आले. १९८१ च्या आणि १९९२ च्या योजनांत दोन वर्षे घरकाम केल्यावर पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज करता येई. तोवर आणि पुढे अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुले आजीकडे वाढायची.

शेतमजुरांची हंगामी योजना १९६६ मध्ये जमैकातल्या २६४ जणांपासून सुरू झाली आणि १९७४ मध्ये मेक्सिको त्यात आला. वर्षाला जास्तीत जास्त आठ महिने काम, मग घरी परत. राहण्याची सोय मालकाची, तीही सामायिक खोलीत. तिथे कुटुंबाचा विचारच नाही.

भारतीय मजुराशी जास्त संबंध आला तो जुलै २००२ च्या प्रायोगिक योजनेचा. तिने क आणि ड वर्गांची दारे उघडली. परमिट आधी १२ महिन्यांचे होते, २००७ मध्ये २४ महिन्यांचे झाले. एप्रिल २०११ मध्ये ‘चार वर्षे काम, मग चार वर्षे बाहेर’ हा नियम आला. चार वर्षांत इथे रुळलेल्या माणसाला तो उखडून टाकी. डिसेंबर २०१६ मध्ये तो रद्द झाला. दरम्यान २०१४ मध्ये मालकांसाठी एलएमआयए (त्या जागेवर परदेशी कामगार खरंच लागतो का याची सरकारी तपासणी) आले, एका जागेला १,००० डॉलर फी लागली आणि कौशल्याऐवजी प्रांताच्या मध्यम पगारावरून ‘कमी वेतन’ ठरू लागले. जोडीदाराच्या परमिटसाठी मात्र कौशल्याचाच निकष राहिला. या दोन मोजपट्ट्यांची गल्लत अजूनही होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्गवारी बदलून अ-ब-क-ड ऐवजी टीअर (पायरी) ० ते ५ आली, आकडा मोठा तितके लागणारे शिक्षण-प्रशिक्षण कमी. ३० जानेवारी २०२३ पासून सर्व टीअरच्या कामगारांच्या जोडीदारांना आणि कामाच्या वयाच्या मुलांना ओपन वर्क परमिट देण्याचे धोरण टप्प्याटप्प्याने जाहीर झाले. पहिला टप्पा जास्त वेतनाच्या एलएमआयएचा होता. कमी वेतनवाले आणि शेतमजूर पुढच्या टप्प्यांत, म्हणजे वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत. मग वारे फिरले. २६ सप्टेंबर २०२४ पासून कमी वेतनाच्या परमिटला एक वर्षाची मर्यादा आली (शेतीची कामे वगळून). २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचे परमिट टीअर ०, १ आणि २-३ मधल्या निवडक कामांपुरतेच उरले, मुलांचे बंद झाले. शिवाय जोडीदार अर्ज करेल त्या दिवशी कामगाराच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत. एक वर्षाच्या परमिटला ही अट पुरी होणेच शक्य नाही. त्यामुळे कमी वेतनावरच्या कुकची बायकोही आता हेल्परच्या बायकोच्याच रांगेत आहे.

उरतो व्हिजिटर व्हिसा. फी माणशी १०० डॉलर, बायोमेट्रिकचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ (एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाला कमाल १७०). पासपोर्टवरच्या शिक्क्यावर वेगळी तारीख नसेल तर मुक्काम सहा महिने. वाढवायचा तर मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करावा. नकार बहुधा दोन कारणांनी येतो: एका पगारात खर्च निघेल असे अधिकाऱ्याला पटत नाही, किंवा कुटुंब परत जाईल यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार आणि गावाकडची जमीन, नोकरी किंवा शाळेचे कागद जोडावेत. मालकाने देण्याचे विमानभाडे आणि सुरुवातीचा आरोग्यविमा फक्त कामगाराचा असतो, कुटुंबाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आई किंवा वडिलांकडे वैध वर्क परमिट असेल, तर कॅनडात असलेल्या अल्पवयीन मुलाला शाळेसाठी वेगळे स्टडी परमिट लागत नाही. बायकोने पाहुणी म्हणून राहून रोखीने काम केले तर पुढचे अर्जही अडकतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा नावात होतो. लग्नाआधी मुलीच्या नावात वडिलांचे नाव, नंतर नवऱ्याचे. पासपोर्ट एका नावाने, विवाह नोंदणी दाखला दुसऱ्या. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. लग्नपत्रिका आणि फोटो हे नोंदणी दाखल्याची जागा घेत नाहीत. मुलाच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी असेल तर आधी ते लिहून घ्यावे. मराठी दाखल्यांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतेच.

जमैकाच्या आयांची चूक आजही केली जाते. ‘एकटा दाखवला तर व्हिसा लवकर’ असे सांगणारा एजंट धोका देतो. पीआरच्या वेळी जे मूल किंवा जोडीदार जाहीर केलेला नाही, तपासला गेलेला नाही, तो २००२ च्या नियमावलीतल्या कलम ११७(९)(ड) नुसार नंतर कौटुंबिक वर्गातून आणता येत नाही. सप्टेंबर २०१९ पासून काही प्रकरणांत सवलत मिळते. ती मुदतीचे धोरण आहे, हक्क नाही. सोबत यायचे नसले तरी प्रत्येक मुलाचे नाव पहिल्या अर्जापासून लिहावे.

टीअर ४-५ च्या कामगाराला संघीय एक्सप्रेस एंट्री (केंद्र सरकारची गुणांवर चालणारी पीआरची वाट) मिळत नाही, त्यामुळे पीआरची वाट मुख्यतः प्रांताच्या नामांकनातून, म्हणजे प्रांत सरकारने पीआरसाठी नाव सुचवण्यातून, जाते. तोवर मुलाचे वय वाढत राहते. अवलंबित मुलाची मर्यादा २२ वर्षांखाली होती, ऑगस्ट २०१४ मध्ये १९ झाली, २४ ऑक्टोबर २०१७ पासून पुन्हा २२. मूल अविवाहितही असावे लागते. नामांकनातून जाणाऱ्यांच्या मुलाचे वय प्रांताकडे अर्ज पोचला त्या तारखेला धरले जाते, त्यामुळे मूल विशीत पोचले असेल तर परमिटच्या नूतनीकरणाआधी त्या अर्जाची तयारी करावी.