हनी बॅजर: नुसता बेडर नव्हे

सिंहासमोर छाती काढून उभा राहणारा, नागाचा फडशा पाडणारा, मधमाश्यांना न जुमानणारा: हनी बॅजरची ख्याती ही अशी. त्याच्या मारामारीच्या चित्रफिती लोक आवडीने बघतात. त्या खोट्या नसतात, पण त्यांत त्याच्या दिनक्रमाचा अगदी छोटा तुकडा दिसतो. एरवी हा प्राणी नाक जमिनीला लावून चालतो, थांबतो आणि उकरतो. पुन्हा चालतो, पुन्हा उकरतो.

मेलिव्होरा कॅपेन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि कूळ पाणमांजराचं. आफ्रिकेचा बराचसा भाग, अरबस्तान, इराण आणि तिथून भारतापर्यंत तो आढळतो. मराठीत त्याला चांदी अस्वलही म्हणतात. पाठ पांढुरकी, पोट आणि पाय काळे कुळकुळीत. उंची जेमतेम फूटभर. नराचं वजन साधारण 9 ते 14 किलो, मादी त्याहून बरीच लहान. एवढ्याशा जिवाला सिंह काय किंवा बिबट्या काय, मारू शकतो आणि मारतोही. फक्त ते काम सोपं नसतं.

याचं एक कारण म्हणजे कातडी. मानेपाशी ती सुमारे 6 मिलिमीटर जाड असते आणि अंगावर ढगळ अंगरख्यासारखी सैल असते. शत्रूने मान धरली तरी हनी बॅजर कातडीच्या आतल्या आत वळतो आणि धरणाऱ्यालाच चावतो. शिवाय शेपटीखालच्या ग्रंथींतून असा उग्र दर्प सोडतो की समोरच्याने विचार बदलावा.

सापाच्या विषाचं प्रकरण मात्र कातडीपेक्षा खूप खोल, पार रेणूंपर्यंत जातं. आपला स्नायू हलतो तेव्हा चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि स्नायूवरच्या ठरावीक प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, चिकटतं. नागाच्या विषातले काही घटक नेमकी हीच जागा बळकावतात. निरोप पोहोचत नाही, स्नायू ढिले पडतात, श्वासपटल थांबतं आणि प्राणी गुदमरतो. हनी बॅजरच्या ग्राहीत या मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. तिथे धन विद्युतभार असलेलं आर्जिनीन आलं आहे. विषाच्या रेणूवरही धन भारच असल्यामुळे दोघे एकमेकांना दूर ढकलतात आणि विषाला तिथे नीट बसताच येत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दिसलं. त्यातली मला सर्वांत रंजक वाटलेली गोष्ट अशी की डुक्कर आणि हेजहॉग यांच्यातही याच जागी असाच बदल आहे, आणि तो तिघांत स्वतंत्रपणे झाला. मुंगसाने तीच जागा वेगळ्या युक्तीने राखली आहे: त्याच्या ग्राहीवर तिथे साखरेच्या रेणूंची साखळी आडवी येते.

पण हे कवच सगळ्या सापांना पुरत नाही. घोणस किंवा आफ्रिकेतला पफ अ‍ॅडर यांचं विष मुख्यतः ऊतींवर आणि रक्तावर हल्ला करतं. ग्राहीतल्या बदलाचा तिथे काय उपयोग?

आता उकरण्याकडे येऊ. कॉलीन आणि कीथ बेग या दांपत्याने 1990च्या दशकात कालाहारी वाळवंटात हनी बॅजरचा माग काढत त्यांचा दीर्घ अभ्यास केला. खाण्यात दिसले ते बहुतांशी उंदीर, पाली, विंचू, साप. पुढच्या पायांच्या लांब, मजबूत नखांनी तो बीळ फोडू लागला की आतला उंदीर दुसऱ्या तोंडाने पळतो. तिथे पेल चँटिंग गॉसहॉक हा शिकारी पक्षी टपूनच बसलेला असतो. कधी कोल्हाही असतो. कष्ट बॅजरचे, घास दुसऱ्याचा. बदल्यात बॅजरला काही मिळताना दिसत नाही.

याउलट एक जोडी गाजली आहे भरपूर, पण तिचा पुरावा तुटपुंजा आहे. हनीगाइड पक्षी हनी बॅजरला मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो, ही कथा अठराव्या शतकापासून चालत आली आहे. हा पक्षी माणसांना वाट दाखवतो, हे पक्कं. पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या सुमारे 400 मध गोळा करणाऱ्यांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी पक्षी आणि बॅजर यांची अशी जोडी पाहिली नसल्याचं सांगितलं. टांझानियातल्या हाड्झा लोकांपैकी मात्र निम्म्याहून अधिक जण ‘पाहिली आहे’ म्हणाले. त्यामुळे कथा साफ मोडीत काढता येत नाही, पण आफ्रिकाभर असंच घडतं असं छापणंही चूक.

पोळं फोडण्यात तो पटाईत आहे, यात वाद नाही. मधाबरोबर त्याला आतल्या अळ्याही हव्या असतात. मधमाश्यांचे डंख त्याला अजिबात बाधत नाहीत असं नाही; फार डंख बसले तर तो मरूही शकतो. मधपाळांचं नुकसान होतं, म्हणून अनेक ठिकाणी सापळे आणि विष वापरून त्याला मारलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत यावर निघालेला तोडगा अगदी साधा आहे. पेट्या जमिनीपासून साधारण मीटरभर उंच स्टँडवर ठेवायच्या आणि आडवी होऊन उघडणार नाही अशी प्रत्येक पेटी पट्ट्याने घट्ट आवळायची.