शीर तुटली, पण कोणती?

नारळ सोलताना सुरी निसटते आणि बोटाच्या मुळाशी जेमतेम एक सेंटिमीटरची चीर पडते. दोन टाके घालतात, जखम भरते, आणि पंधरा दिवसांनी लक्षात येतं की बोट वाकतच नाही. ‘शीर तुटली असणार,’ घरातलं कुणीतरी म्हणतं. शीर हा आपला मोठा सोयीचा शब्द. रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, सगळं त्यात बसतं. हाताच्या सर्जनला मात्र तिघांची दुरुस्ती वेगवेगळी करावी लागते.

बोटात स्नायू नसतातच. बोट मिटवणारे मोठे स्नायू असतात कोपराच्या खाली. तिथे दुसऱ्या हाताने धरून बोटं हलवा, वळवळ जाणवेल. तिथून निघालेल्या कंडरा दोऱ्यांसारख्या मनगटातून बोटांत उतरतात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला अशा दोन. एक मध्येच दुभंगते आणि दुसरी त्या फटीतून आरपार पुढे जाते, तेही एका अरुंद बोगद्यात. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत. इथली कंडरा लगेच शिवू नये, कारण ती बोगद्याला चिकटून बसते, असा त्यांचा सल्ला होता.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या लुईव्हिलचे सर्जन हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी ती लगेच शिवून दाखवली. खरी गंमत टाक्यांनंतरची: बोटाच्या नखाला रबरबँड. रुग्णाने बोट स्वतः सरळ करायचं, वाकवण्याचं काम रबराचं. त्यामुळे कंडरा बोगद्यात सरकत राहते, पण शिवणीवर ताण येत नाही.

अडचण हीच असते. हात गप्प ठेवला तर कंडरा चिकटते, आणि जोर लावला तर शिवण तुटते. म्हणून ऑपरेशननंतर काही दिवसांतच हँड थेरपिस्ट लागतो. तो गरम पाण्यात मऊ होणारं प्लॅस्टिक घेऊन हाताच्या पाठीवर बेतून स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, बनवतो. स्प्लिंट साधारण सहा आठवडे, जड उचलणं तीन महिने बंद. व्यायाम किती जोराचा द्यायचा ते शिवण किती भक्कम आहे यावर ठरतं, आणि ते सर्जनने सांगितल्याशिवाय थेरपिस्टला कळणार कसं? दोघं एकाच छताखाली असले की निम्मे घोळ टळतात. आपल्याकडे पुष्कळदा रुग्णच निरोप्या होतो, तोही अर्धा निरोप विसरून.

त्याच चिरेत मज्जातंतूही कापला असेल तर वेळ आणखी लागतो. शिवल्यावर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. मुळापासून टोकापर्यंत जायला दोन-तीन महिने. तोवर तव्याचा चटका बसला तरी बोटाला पत्ता नसतो. संवेदना परतली तरी सुरुवातीला ती विचित्रच, मेंदूला नीट वाचता न येणारी. मग थेरपिस्ट तांदळाच्या वाडग्यात नाणं, बटण, राजम्याचा दाणा लपवतो आणि रुग्णाला डोळे मिटायला लावून विचारतो, ‘आता हातात काय आलं?’