पालकांच्या तक्रारीची चिकटपट्टी: 'डॅमेज्ड'ची पूर्वकथा

'ब्लॅक फ्लॅग' या अमेरिकी पंक रॉक बँडचा 'डॅमेज्ड' हा अल्बम १९८१ सरता सरता बाजारात आला. त्याच्या कव्हरवर एक चिकटपट्टी होती: 'एक पालक म्हणून मला हा अल्बम पालकविरोधी वाटला.' बोल होते एमसीए या बड्या कंपनीच्या वितरण विभागाचे प्रमुख अल बर्गामो यांचे. पट्टी मात्र चिकटवली होती खुद्द बँडने.

बँड १९७६चा, कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचचा. म्हणजे पहिल्या पूर्ण अल्बमला पाच वर्षं लागली. आळस हे कारण नव्हतं. गिटारवादक ग्रेग गिन हौशी रेडिओवाल्यांना लागणारी उपकरणं टपालाने विकायचा. त्याच धंद्याचं एसएसटी हे नाव त्याने स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीला दिलं आणि चार गाण्यांची, जेमतेम पाच मिनिटांची तबकडी काढली. बँडचं चार काळ्या पट्ट्यांचं फडकतं निशाण गिनच्या भावाने, रेमंड पेटिबॉनने काढलं. अडत होतं ते गायकापाशी. कीथ मॉरिस बाहेर पडला, रॉन रेयेस तर कार्यक्रम चालू असतानाच निघून गेला, आणि डेझ कॅडेनाला गाण्यापेक्षा गिटार हवी होती. प्रत्येकाबरोबर झालेलं बरंचसं ध्वनिमुद्रण तसंच पडून राहिलं.

मग आला हेन्री रोलिन्स. वय वीस, वॉशिंग्टनमधल्या आइस्क्रीमच्या दुकानात कामाला. न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात तो प्रेक्षकांतून मंचावर चढून गायला आणि थोड्याच दिवसांत बँडमध्ये आला. कॅडेना दुसऱ्या गिटारवर गेला. माझ्या मते अल्बमचा जाडजूड आवाज या अदलाबदलीतून आला आहे. ड्रमर रोबो मनगटात कडी घालून वाजवायचा. त्यांचा खुळखुळाट मुद्रणात उतरला आणि तसाच राहू दिला. कव्हरवर आरशावर मूठ हाणणारा रोलिन्स दिसतो. आरसा आधीच हातोडीने तडकवलेला होता, आणि 'रक्त' म्हणजे लाल शाई आणि कॉफी!

'युनिकॉर्न' या छोट्या कंपनीशी करार होता आणि तिचा माल एमसीए वितरित करणार होती. सुमारे २५,००० प्रती छापून तयार असताना बर्गामोंनी हात वर केले. एसएसटीच्या जो कार्डुचीचं म्हणणं असं, की नीतिमत्तेचं निमित्त झालं. खरी भानगड युनिकॉर्नच्या थकलेल्या पैशांची होती. मला ते पटतं.

समीक्षकांनी मात्र पाठ फिरवली नाही. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी 'ए मायनस' हा शेरा दिला, आणि त्यांच्याकडून तो मिळणं सोपं नसे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत मासिकाच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांच्या २००३च्या यादीत तो ३४०वा होता, २०२०च्या यादीत ४८७वा. उतरला, पण यादीत राहिला.

इकडे अल्बम आल्यावर युनिकॉर्नशी कोर्टकज्जा जुंपला होता आणि ब्लॅक फ्लॅगच्या नावाने काही प्रसिद्ध करायला मनाई झाली. तेव्हा गिनने मॉरिस, रेयेस आणि कॅडेना यांची ती पडून राहिलेली ध्वनिमुद्रणं बाहेर काढली. कव्हरवर बँडचं नाव नाही, नुसती वादक-गायकांची नावं. न्यायालयाला ही पळवाट रुचली नाही; गिन आणि बासवादक चक डुकोव्स्की यांना अवमानाबद्दल पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. १९८३मध्ये युनिकॉर्नचं दिवाळं निघालं, तेव्हा कुठे बँडला आपलं नाव परत मिळालं.