बसून मोजलेलं बीपी

इंदूरच्या रामबागेत राहणारे माझे काका चार महिन्यांत तीनदा पडले. पहिल्यांदा पहाटे लघवीला उठले तेव्हा, दुसऱ्यांदा पूजा आटोपून पाटावरून उठताना आणि तिसऱ्यांदा रविवारी दाल-बाफल्यांचं (वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे) जेवण झाल्यावर हात धुवायला जाताना. तिसऱ्या वेळी मनगट मोडलं. घरात दर वेळी एकच निदान व्हायचं, "अशक्तपणा आलाय, वय झालं." ग्लुकोजचं पाणी दिलं जायचं. दवाखान्यात नेलं की खुर्चीत बसवून बीपी मोजायचे. १३८/८०. छान आहे, काळजी नको, म्हणून काका परत घरी.

आकडा खोटा नव्हता, पण तो बसलेल्या माणसाचा होता. काका पडत होते ते उठल्यावर.

आडवं असताना डोकं, हृदय आणि पाय साधारण एका पातळीत असतात. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त स्वतःच्या वजनानेच पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दाब घसरू लागतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आणि महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीच्या भिंतींत दाबाचा ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. ते लगेच मेंदूच्या तळाशी खबर देतात. तिथून हुकूम सुटतो, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. निरोगी माणसात हे सगळं काही सेकंदांत उरकतं आणि त्याला कळतही नाही.

हे बिघडलं तर पहिला फटका मेंदूला बसतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. त्यात उभ्या माणसाचा मेंदू हृदयाच्या फूटभर वर असतो. बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि सुमारे १.३ सेंटिमीटर उंच रक्ताचा स्तंभ म्हणजे पाऱ्याचा १ मिलिमीटर; फूटभर उंचीचे झाले सुमारे २३. म्हणजे दंडावर वरचा आकडा ९० असेल, तर मेंदूपाशी तो ६७च्या आसपास असतो. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सहा ते दहा सेकंदांत शुद्ध हरपते. पडणं म्हणजे एका अर्थी शरीराने स्वतःला जबरदस्तीने आडवं करणंच आहे. (जिराफाचा मेंदू हृदयाच्या जवळजवळ दोन मीटर वर असतो. म्हणून त्याचं बीपी माणसाच्या साधारण दुप्पट असतं, आणि पायांची कातडी इतकी घट्ट की रक्त खाली साचत नाही.)

आपल्या भाषेत या त्रासासाठी किती नेमके शब्द आहेत! भोवळ, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, गरगरणं, तोल जाणं. आणि आपण दवाखान्यात जाऊन सगळ्याला 'चक्कर' म्हणून मोकळे होतो. डॉक्टरांना नेमका शब्द सांगा. अंथरुणात कूस बदलल्यावर खोली फिरायला लागली, तर तो बहुधा आतल्या कानाचा दोष. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन हातपाय गळाले आणि आडवं होताच बरं वाटलं, तर बीपीचा संशय घ्यायचा. काका कितीतरी दिवस "चक्कर आली" म्हणत होते आणि कानाचं औषध घेत होते.

तपासणी सोपी आहे, तिला काही महागडं यंत्र लागत नाही. पाच मिनिटं आडवं राहून बीपी मोजायचं, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहण्याने बीपी कोसळतंय हे नक्की. १९२५ साली ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, म्हणजे ही माहिती काही नवी नाही. तरीही म्हाताऱ्या माणसाला उभं करून बीपी मोजायला कुणाला सवड नसते, याचं मला फार वाईट वाटतं. काकांचं आडवं असताना १५२/८४ होतं, उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला ११४/७०. नाडी मात्र जेमतेम चार ठोक्यांनी वाढली. शरीरात पाणी किंवा रक्त कमी असेल तर नाडी जोरात धावते. ती जागची हलत नसेल, तर हुकूम पोचवणारे मज्जातंतूच थकलेत असा संशय येतो. काकांना वीस वर्षांचा मधुमेह आहे, आणि मधुमेह याच मज्जातंतूंना पोखरतो. पार्किन्सनमध्येही हे होतं.

त्यात गोळ्यांची भर. प्रोस्टेटची गोळी रक्तवाहिन्याही सैल करते. बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी पाणी काढून टाकते. छातीत दुखण्यावरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दाब उतरतो. तीन डॉक्टरांनी आपापल्या जागी योग्यच औषध दिलेलं असतं, पण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिलेल्या नसतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. मनाने मात्र एकही बंद करू नका. बीपीची गोळी अचानक सोडण्यात वेगळे धोके आहेत.

रोजच्या सवयींत बरंच काही सुधारता येतं. उठायचं ते टप्प्याटप्प्याने. आधी अंथरुणातच पावलं वरखाली हलवायची, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग आधार धरून उभं राहायचं आणि क्षणभर थांबून पाऊल टाकायचं. उठण्यापूर्वी दोन पेले पाणी भराभर प्यायलं, तर मज्जातंतू थकलेल्या माणसांचं बीपी काही मिनिटांतच चढतं आणि तासभर तरी टिकतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, त्यांनी आधी विचारावं. मिठाचंही तसंच.

उभं असताना अंधारी आली तर पायावर पाय तिढा घालून मांड्या आणि नितंब आवळायचे. पायांतलं साचलेलं रक्त पिळून वर जातं. तेवढ्याने भागलं नाही तर सरळ खाली बसावं, लोक काय म्हणतील याचा विचार करू नये. उकिडवं बसल्याने दाब लगेच वाढतो, पण त्या बैठकीतून उठताना तो तितक्याच वेगाने पडतो. देशी संडासात जोर करून झटकन उठणं म्हणूनच फार धोक्याचं. तिथे हाताशी दांडा हवा, दाराला आतून कडी नको, रात्री दिवा हवा.

दाल-बाफल्यांचं रहस्यही याच गणितात आहे. जेवल्यावर पोटाकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि पिठूळ-गोड जेवण जितकं भरपेट तितका हा परिणाम मोठा. जेवणानंतर दोन तासांपर्यंत दाब उतरलेला राहू शकतो. काका आता एकच बाफला खातात, त्याआधी पेलाभर पाणी पितात आणि हात ताटातच धुतात. गरम पाण्याची अंघोळ आणि मे महिन्यातलं इंदूरचं ऊन, दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. अंघोळ त्यांनी स्टुलावर बसून करायची असं ठरलंय. आणखी एक उपाय पलंगाचा. उशाकडचे पाय लाकडी ठोकळ्यांवर सहा ते नऊ इंच उचलायचे. नुसत्या उशा वाढवून मान वाकते, उपयोग होत नाही. अशा रुग्णांचं बीपी आडवं असताना उलट वाढतं आणि मूत्रपिंडं रात्रभर पाणी बाहेर टाकतात. म्हणून पहाट सर्वांत वाईट. डोक्याकडची बाजू उंच केली की हे पाणी वाचतं.

कुणी समोर कोसळलं तर त्याला आडवंच राहू द्या आणि पाय उचलून धरा. आम्ही काकांना तिसऱ्या वेळी चौघांनी धरून खुर्चीत बसवलं, तोंडाला पाण्याचा पेला लावला. मायेपोटीच केलं, पण मेंदूला हवं असलेलं रक्त त्यामुळे पुन्हा खाली उतरलं, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात पाणी अडकू शकतं. कांदा नाही, चप्पल नाही, काही हुंगवू नका. शुद्ध लवकर आली नाही, छातीत दुखतंय, चालताना किंवा श्रम करताना शुद्ध गेली, एक बाजू लुळी पडली, शौच काळी होतेय किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागलाय, तर घरी थांबू नका.

काकांची प्रोस्टेटची गोळी डॉक्टरांनी बदलली आणि लघवीच्या गोळीचा डोस निम्मा केला. काकूंनी बीपीच्या वहीत आता दोन रकाने आखलेत, 'आडवे' आणि 'उभे'. वैशाखात 'उभे' रकाना १००च्या खाली जायला लागला तेव्हा काकू वही घेऊन स्वतःच दवाखान्यात गेल्या.