ऑगस्टअखेरीस बोट नेताय? आधी पंख्याबद्दल थोडं

मंडळी, कॅनडातल्या जॉर्जियन बेवर आम्ही बोटी भाड्याने देतो. आमच्या काउंटरवर फॉर्मच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून बोटीच्या इंजिनाचा एक पंखा (प्रोपेलर) ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. तीन पात्यांचा, अ‍ॅल्युमिनियमचा. एका पात्याची कड करंजीला मुरड घालावी तशी वळलेली आहे, दुसऱ्याचा टवका उडालाय, तिसरं पातं मात्र कोरं करकरीत. तो शोभेसाठी ठेवलेला नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये मिसिसागाहून आलेल्या एका कुटुंबाच्या बोटीचा आहे तो, पाण्याखालच्या खडकावर आपटलेला. त्यांची सहल दुपारी दोनला संपली आणि त्यांच्यानंतर ज्यांचं बुकिंग होतं त्यांची सुरूच झाली नाही.

असे प्रकार जुलैत क्वचित होतात. ऑगस्टचा शेवटचा आठवडा लागला की वाढतात. गंमत म्हणजे नवख्यांकडून कमी होतात, जुलैत एकदा येऊन गेलेल्यांकडून जास्त. "अहो, आम्ही इथूनच तर गेलो होतो!" हे वाक्य आम्ही दर मोसमात ऐकतो. ते खोटं बोलत नसतात. गेले इथूनच होते, पण तेव्हा पाणी वर होतं.

कोकणातली मंडळी लगेच विचारतात, "इथे भरती-ओहोटी असते का?" नावापुरतीच असते. पाच सेंटिमीटरही नाही, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. इथलं पाणी महिन्यांच्या हिशेबाने चढतं-उतरतं. जॉर्जियन बे हा ह्युरॉन सरोवराचाच भाग. बर्फ वितळून आणि पावसाने सरोवर भरत जातं, साधारण जुलैत सर्वात वर असतं, मग उतरू लागतं ते हिवाळ्यापर्यंत. सर्वात जास्त पाणी आटतं ते कडक उन्हात नाही, तर शरदात, कोमट पाण्यावरून थंड, कोरडी हवा वाहू लागली की. लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) फरक चार-सहा बोटांचाच पडतो. पण जुलैत जो खडक इंजिनाच्या टोकाखाली दोन बोटांवर होता, तो आता टोकाच्या वर आलेला असतो.

आणि खडक काय थोडे आहेत? या पूर्व किनाऱ्याला तीस हजार बेटं म्हणतात, गोड्या पाण्यातला जगातला सर्वात मोठा द्वीपसमूह. जी बेटं फोटोत येतात, गुलाबी खडक आणि वाऱ्याने एका अंगाला झुकलेले पाइन, त्यांची धाकटी भावंडं पाण्याखाली बसलेली आहेत. शॅम्प्लेन हा फ्रेंच शोधप्रवासी १६१५ साली इथे आला आणि 'गोडा समुद्र' म्हणून गेला. तो कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या होडीतून आला होता, त्याला पंखा नव्हता. तुमच्या बोटीचं इंजिन खाली सोडलेलं असताना पाऊण मीटरच्याही खाली जातं.

आता मुख्य चूक. फोनवरचा नकाशा.

रस्ता दाखवणारं जे अ‍ॅप तुम्हाला हायवे ४०० वरून इथवर अचूक आणतं, त्याला पाण्यावर काहीही कळत नाही. त्याला जमीन करडी आणि पाणी निळं, एवढंच ठाऊक. साठ मीटर खोल पाणी आणि साठ सेंटिमीटर खोल पाणी दोन्ही सारखंच निळं. मग दोन बेटांमध्ये निळी पट्टी दिसते, बोयांचा (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचा) मार्ग मात्र लांबून वळसा घालून जातो, आणि मनात येतं की इथूनच घुसलो तर दहा मिनिटं वाचतील. त्या दहा मिनिटांपायी आमचे दोन तास जातात आणि तुमचा आख्खा दिवस.

आम्ही बोटीत ठेवतो तो नकाशा वेगळा आहे, आणि तो वाचताना बरेच जण उलटे फसतात. त्यावर निळं म्हणजे उथळ आणि पांढरं म्हणजे खोल. छान निळं दिसतंय म्हणून तिकडे वळलात तर संपलं. छोटं अधिक चिन्ह दिसलं की ती बेरीज नाही, पाण्याखालचा खडक आहे. खोलीचे आकडे सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून १७६ मीटर धरून दिलेले असतात. २०२० च्या उन्हाळ्यात पाणी त्याच्या जवळजवळ दीड मीटर वर होतं, तर जानेवारी २०१३ मध्ये त्याच्याही खाली गेलं होतं. म्हणून भावोजींनी २०२० साली काढलेला व्हिडिओ बघून मार्ग ठरवू नका.

बोयांचंही एक सांगायलाच हवं. एक गृहस्थ मुंबई बंदरात बरीच वर्षं काम केलेले होते, बोट आमच्यापेक्षा सफाईने चालवायचे, आणि नेमके तेच तांबड्या बोयाच्या चुकीच्या बाजूने गेले. त्यांचा दोष नव्हता. भारतात बंदरात शिरताना तांबडा डावीकडे ठेवतात, उत्तर अमेरिकेत बरोब्बर उलट, आत येताना तांबडा उजवीकडे. बेटांमधल्या लहान बोटींच्या मार्गावर 'आत' कुठलं आणि 'बाहेर' कुठलं याचा मात्र गोंधळ होतो. म्हणून आम्ही प्रत्येक नकाशावर पेनने बाण काढून देतो. त्यावर बोयांचे आकडेही आहेत. तांबड्यावर सम, हिरव्यावर विषम. आकडा वाचा, नकाशात शोधा, मग पुढे व्हा. निघताना आम्ही जी वीस मिनिटं घेतो ती यासाठीच. "एवढं कशाला, आम्ही चालवतो गाडी" असं म्हणून काही जण घड्याळाकडे बघतात. बघू द्या, आम्ही वीस मिनिटं घेणारच.

घाईमागे बहुतेकदा जेवण असतं. फ्राइंग पॅन बेटावरची तळलेली मासळी खायची असते. खावीच, उत्तम असते. पण इथून, हनी हार्बरहून, ते बेट सरळ रेषेतही चाळीस किलोमीटर आहे, बोयांच्या मार्गाने आणखी दूर. अकराला निघून, वाटेत पोहून, तीनला जेवून सहाला धक्क्यावर, हे गणित जूनमध्येही ओढाताणीचं असतं. जूनअखेरीस सूर्य नवानंतर मावळतो, ऑगस्टअखेरीस आठच्या सुमाराला आणि सप्टेंबरच्या मध्याला साडेसातच्या आसपास. बाहेरच्या बाजूने परतीला वारा पश्चिमेचा असेल तर लाटा आडव्या येतात. दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड असलं की चकाकीत पाण्याखालचं काही म्हणजे काही दिसत नाही. पोलराइज्ड चष्मे आम्ही देतो, फुकट. ते घाला. आणि पहिलीच खेप असेल तर ब्यूसोलेल बेट पुरे. तिथे रस्ता नाही, बोटीनेच जाता येतं, १९२९ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. वाटेवर मसासॉगा नावाचा विषारी साप राहतो, पण लाजाळू आहे. त्याच्या वाटेला गेला नाहीत तर तो तुमच्या वाटेला येत नाही.

तरीही खडक लागला तर? थ्रॉटल लगेच न्यूट्रलला, इंजिन बंद. जोर लावून मागे घेऊ नका, त्यात उरलेली पाती जातात. इंजिन वर उचलून पंखा बघा, बोटीच्या तळाशी पाणी येतंय का बघा, नांगर टाका, आम्हाला कळवा. इंजिन गरगरतंय पण बोट हलत नाही, असं झालं तर पंख्याच्या आतला रबरी हब सुटलाय. हा रबर मुद्दाम असतो, धक्का खाऊन गिअर वाचवायला. गेल्या सप्टेंबरच्या त्या कुटुंबाला हे ठाऊक नव्हतं. ते अर्धा तास रेस देत बसले.

आणि कृपा करून सांगा. परत आल्यावर "लाकूडबिकूड लागलं असेल काहीतरी" म्हणून किल्ली ठेवून जाऊ नका. एका पात्याचा टवका गेला की पंखा थरथरतो, थरथरीने शाफ्टचं सील जातं, सीलमधून पाणी गिअरच्या तेलात शिरतं. पंखा काही शे डॉलरचा, गिअर काही हजारांचा. म्हणून आम्ही अनामत घेतो, निघताना पंख्याचा फोटो तुमच्यासमोर काढतो आणि आल्यावर इंजिन वर उचलून परत बघतो. काहींना यात अविश्वास वाटतो. पण याच फोटोमुळे आधीच्या माणसाने केलेला टवका तुमच्या माथी येत नाही. ज्यांनी स्वतःहून सांगितलं त्यांच्याकडून आम्ही फक्त पंख्याचे पैसे घेतले आहेत, वाया गेलेल्या दिवसाचे नाही.

बाकी नेहमीचंच. बोट चालवण्याचं कार्ड नसेल तर भाड्याच्या बोटीसाठी सुरक्षेची यादी भरून घेतो, ती त्या भाड्यापुरती चालते. किनाऱ्यापासून तीस मीटरच्या आत ताशी दहा किलोमीटर. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मापाचं, आजीलासुद्धा. या बोटींवर बिअर नाही, थंड डब्यातही नाही, कारण कायदा गाडीइतकाच कडक आहे. सप्टेंबरच्या सकाळी धुकं असलं तर ते उठेपर्यंत आम्ही किल्ली देत नाही. चहा देतो. आणि गणपतीत हमखास विचारणा होते म्हणून सांगतो, बोटीवरून विसर्जन करू देत नाही. शाडूची मूर्ती असली तरी नाही.

ज्यांना नकाशा-बोयांची कटकट नको, त्यांच्यासाठी आमचा माणूस सोबत घेऊन अर्ध्या दिवसाची फेरी आहे. त्यात अनामत नाही, आणि जे तीन-चार कोपरे आम्ही नकाशावर खुणावत नाही तेही बघायला मिळतात. लेबर डेनंतर सोमवार ते गुरुवार दर कमी आहेत, धक्क्यावर गर्दी नसते, पाणी अजून पोहण्याजोगं असतं. थँक्सगिव्हिंगनंतर (ऑक्टोबरचा दुसरा सोमवार) आम्ही बोटी वर काढतो. जाडसर स्वेटर आणा, संध्याकाळी परतताना लागतो.